चेहरे वाचणारी डोरोथिया

न्यूयॉर्क शहरात बावरी नावाचा एक रस्ता आहे. इ. स. १९०८ च्या सुमारास तेथे बेकार, व्यसनी आणि निराधार माणसांची सदैव गर्दी असे. कोणी भिंतीशी झिंगत पडलेले, तर कोणी शून्यात दृष्टी लावून बसलेले. शाळा सुटल्यावर तेरा वर्षांची एक मुलगी कित्येकदा त्या रस्त्याने एकटीच लंगडत जात असे. तिला फार भय वाटे. आपल्याकडे कोणाचे लक्ष जाऊ नये म्हणून ती आपली मुद्रा अगदी निर्विकार ठेवी. पण तिचे डोळे मात्र सभोवारची माणसे निरखीत असत. हीच मुलगी पुढे डोरोथिया लँग या नावाने थोर छायाचित्रकार म्हणून विख्यात झाली.

डोरोथियाचा जन्म २६ मे १८९५ रोजी अमेरिकेतील होबोकेन या गावी झाला. सातव्या वर्षी तिला पोलिओ झाला. त्यातून ती वाचली, परंतु तिचा उजवा पाय कायमचा अधू झाला. ती बारा वर्षांची असताना वडील घर सोडून गेले. आईने न्यूयॉर्कमधील एका ग्रंथालयात नोकरी धरली आणि मुलीला तेथीलच शाळेत घातले. मुलीने शिक्षिका व्हावे, अशी आईची इच्छा होती. पण डोरोथियाने छायाचित्रकार होण्याचा निश्चय केला. नवल असे, की तोवर तिच्यापाशी साधा कॅमेराही नव्हता!

निरनिराळ्या छायाचित्रकारांच्या हाताखाली राबून तिने ती कला हस्तगत केली. १९१८ साली ती एका मैत्रिणीसह जगप्रवासाला निघाली. परंतु सॅन फ्रान्सिस्कोला पोचताच त्यांचे पैसे चोरीस गेले आणि प्रवास तेथेच संपला. खचून न जाता डोरोथियाने नोकरी धरली व पुढच्याच वर्षी स्वतःचे छायाचित्रालय थाटले. शहरातील धनिक कुटुंबे तिच्याकडे छायाचित्रे काढून घेऊ लागली.

१९२९ साली अमेरिकेत भीषण मंदी आली. कारखाने बंद पडले. १९३३ पर्यंत दर चार कामकऱ्यांपैकी सुमारे एक जण बेकार झाला. डोरोथिया आपल्या खिडकीतून रस्त्यावर भटकणारी माणसे पाही आणि बेचैन होई. अखेर एके दिवशी कॅमेरा घेऊन ती खाली उतरली. जवळच एका श्रीमंत बाईने अन्नछत्र चालविले होते. तेथे शेकडो माणसे दाटीने उभी होती. त्या गर्दीकडे पाठ करून एक वृद्ध लाकडी कठड्याला टेकला होता. जुनी टोपी डोळ्यांवर ओढलेली, हात एकमेकांत घट्ट गुंतवलेले आणि बाहूंच्या मध्ये रिकामे टमरेल. त्याचे डोळे दिसत नव्हते. पण त्याची सारी व्यथा त्या हातांत उतरली होती. डोरोथियाने ती टिपली. मनातील भाव मुखावरच दिसतात असे नाही. ते खांद्यांच्या झुकण्यात आणि बोटांच्या गुंफणीतही असतात, हे या चित्राने दाखवून दिले.

पुढे ती सरकारसाठी गरीब शेतमजुरांची छायाचित्रे काढू लागली. अनोळखी माणसांत गेल्यावर ती घाई करीत नसे. ती प्यायला पाणी मागे, त्यांच्याशी बोलत बसे आणि त्यांचे बोल वहीत टिपून ठेवी. आपला लंगडा पाय पाहून दुःखी माणसांना आपण जवळच्या वाटतो, असे ती मानीत असे.

मार्च १९३६ मध्ये एका पावसाळी दिवशी, महिनाभराचे काम आटोपून ती घराकडे परतत होती. वाटेत निपोमो येथे मटार तोडणाऱ्या मजुरांच्या छावणीची पाटी दिसली. ती पुढे निघून गेली. पण मनाला चैन पडेना. सुमारे ३२ किलोमीटर गेल्यावर तिने मोटार मागे वळविली. थंडीने पीक नासले होते. हातांना काम नव्हते, पोटाला अन्न नव्हते. एका फाटक्या तंबूत एक आई बसली होती. मांडीवर तान्हे मूल, दोन मुले खांद्यांवर तोंड लपवून बिलगलेली, आणि चिंतातुर दृष्टी दूर कोठेतरी लागलेली. ही छायाचित्रे वृत्तपत्रात छापून येताच सरकारने छावणीकडे सुमारे ९,००० किलो अन्न रवाना केले. परंतु तोवर ते कुटुंब अन्यत्र निघून गेले होते!

१९४२ साली, युद्धकाळात, अमेरिकी सरकारने जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरांतून उठवून छावण्यांत डांबले. हा अन्याय डोरोथियाला मुळीच रुचला नाही. राष्ट्रध्वजाची प्रतिज्ञा घेताना छातीवर हात ठेवून उभी असलेली त्यांची निरागस मुले तिने टिपली. सेनाधिकाऱ्यांनी ती छायाचित्रे युद्ध संपेपर्यंत दडपून ठेवली.

११ ऑक्टोबर १९६५ रोजी डोरोथियाचे निधन झाले. तंबूतील त्या मातेचे छायाचित्र तेव्हा जगभर पोचले होते. पण तिचे नाव कोणालाच ठाऊक नव्हते. एरवी सर्वांशी निवांत बोलणाऱ्या डोरोथियाने त्या दिवशी घाईत नावच विचारले नव्हते. १९७८ साली ती माता स्वतःच जगापुढे आली. तिचे नाव फ्लॉरेन्स थॉम्पसन. आपल्याला त्या छायाचित्रापासून काहीच लाभ झाला नाही, अशी खंत तिने बोलून दाखविली. मात्र १९८३ साली ती आजारी पडली, तेव्हा त्या छायाचित्राने हेलावलेल्या कित्येक अनोळखी माणसांनी तिच्या उपचारांसाठी पैसे धाडले.

दुसऱ्याचे दुःख दिसावयास डोळे उघडे लागतात. डोरोथियाने आपले डोळे आयुष्यभर उघडे ठेवले. आणि दुःख दिसल्यावर क्षणभर थांबून त्या माणसाचे नावही विचारावे, हा धडा तिच्या त्या एका चुकीने आपल्याला दिला.