डॉ. आनंदीबाई जोशी

आमच्या मंडळाच्या चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यायला सांगितले. मी सातवीपर्यंत शिकलेली, रोज भाकरी थापणारी बाई. तरी डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव मी आपणहून सुचवले. त्याचे कारण पुढे सांगते.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. माहेरचे नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी गोपाळराव जोशी या बिजवराशी त्यांचे लग्न झाले. ते वयाने खूप मोठे, टपाल खात्यात नोकरीला होते. बायकोला शिकवायचेच, असा त्यांचा हट्ट होता. त्या काळी बायको पुस्तक घेऊन बसली तर नवरे रागवत. इथे उलटेच! अभ्यास सोडून ती चुलीपाशी दिसली की गोपाळराव चिडत, प्रसंगी मारही देत. शिक्षण चांगले, पण ते असे धाकाने मिळाले.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि थोड्याच दिवसांत गेला. बायकांना तपासायला बाई डॉक्टर हवी, हा विचार त्या दुःखातून पक्का झाला. अलीबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर अशा नवऱ्याच्या बदल्या होत गेल्या. वाटेत लोकांची कुचेष्टा होतीच. गोपाळरावांनी अमेरिकेतल्या एका पाद्र्याला लिहिलेले पत्र तिकडच्या मासिकात छापून आले. ते रोझेल गावच्या कार्पेंटर नावाच्या बाईंच्या वाचनात आले. त्यांनी या अनोळखी मुलीला पत्र घातले, आणि पुढे आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी भाषण करून आपण परदेशी का जातो ते सर्वांसमोर सांगितले. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. नवरा बरोबर नाही, घरचे कोणी नाही. दोन महिन्यांनी, ४ जूनला, न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा वय अवघे अठरा होते.

इथून पुढची गोष्ट मला फार विचार करायला लावते. इतकी वर्षे काय वाचावे, काय बोलावे, कसे वागावे हे सारे गोपाळराव ठरवत. आता मधे सातासमुद्रांचे पाणी. पत्र जाऊन उत्तर यायला कित्येक आठवडे लागत. रोजचे निर्णय आनंदीबाईंनाच घ्यावे लागले. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहत, थंडी बाधे, म्हणून त्या गुजराती पद्धतीने पातळ नेसू लागल्या. मांसाहार केला नाही, धर्म सोडला नाही. काय बदलायचे आणि काय राखायचे हे त्यांनी स्वतः ठरवले. गोपाळरावांच्या पत्रांत मात्र पुष्कळदा बोचरे शब्द आणि संशय असे. तेव्हा आनंदीबाईंनी त्यांना लहानपणच्या माराची आठवण स्पष्ट शब्दांत लिहून कळवली. उपकार विसरल्या नाहीत, पण जे दुखले तेही लपवले नाही.

हे वाचताना मला आधी गोपाळरावांचा राग आला. मग माझीच मला लाज वाटली. गेल्या वर्षी आमची धाकटी पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला गेली. दहिवडीच्या स्टँडवर शेंगदाण्याची चटणी आणि काळे तिखट पिशवीत घालून मी तिला निरोप दिला, पण हातची दोरी काही सोडली नाही. रोज दोनदा फोन. काय खाल्लेस, कुठे होतीस, कोणाबरोबर होतीस, उशीर का झाला? मला वाटे ही माया. एकदा ती आठ दिवस तापाने पडून होती आणि तिने मला सांगितलेच नाही. आई ओरडेल म्हणून! पुढे ते तिच्या मैत्रिणीकडून कळले. माझ्या धाकाने तिची काळजी घेतली गेली नाहीच, उलट आजारात तिला एकटे पाडले.

आनंदीबाईंनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजातून ११ मार्च १८८६ रोजी पदवी घेतली. समारंभाला गोपाळराव हजर होते आणि पंडिता रमाबाईही आल्या होत्या. कोल्हापूर दरबाराने तिथल्या इस्पितळातील स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक केली. पण अतिश्रम आणि थंडी यांनी शरीर पोखरले होते, क्षयाने गाठले होते. मायदेशी परतल्यावर २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. बावीस पुरी व्हायला एक महिना उरला होता. मायदेशी डॉक्टर म्हणून काम करायचे राहूनच गेले. अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या आणि त्यांनी त्या आपल्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत ठेवल्या.

आमची धाकटी आज बावीस वर्षांचीच आहे. म्हणून हे वाचून माझे हात थरथरले. पण तिला ओढून परत आणावे असे काही वाटले नाही. तिने तापात मला निर्धास्तपणे हाक मारावी, एवढे मात्र फार वाटले. आता मी आपणहून फोन करत नाही, तिच्या फोनची वाट बघते. पहिल्या आठवड्यात जेवण गोड लागले नाही. दुसऱ्या रविवारी तिने आपणहून फोन केला. डाळ करपली, परीक्षेत एक विषय अवघड गेला, हे सारे तिने हसत सांगितले. मी नुसते ऐकले. उपदेश जिभेवर आला होता, तो गिळला.

माणदेशात पाऊस आपल्या हातात नसतो, हे आपण जन्मापासून जाणतो. पेरणी करायची आणि वर बघायचे. मुलींच्या बाबतीत मात्र आपण ते विसरतो. मंडळातल्या ज्या भगिनींच्या मुली पुण्या-मुंबईला किंवा त्याहून दूर शिकायला आहेत, त्यांनी आनंदीबाईंचे चरित्र एकदा जरूर वाचावे. डॉ. आनंदीबाईंच्या स्मृतीला माझा नम्र नमस्कार.