शेवटच्या खलीफांची मय्यत दहा वर्षं दफनाविना

ईद-ए-मिलादला भायखळ्याच्या खिलाफत हाउसपासून जुलूस निघतो, हे पालेगाव-अंबरनाथकडच्या आपल्या घरांत पोरंटोरंही सांगतील. पण ज्या खिलाफतीसाठी मुंबईने एवढी चळवळ केली, तिच्या शेवटच्या खलीफांचं पुढे काय झालं?

अब्दुल मजीद दुसरे यांचा जन्म इस्तंबूलचा, 29 मे 1868. तारीख मोठी अजब. 1453 साली याच तारखेला उस्मानी फौजांनी हे शहर बायझंटाईन सम्राटाकडून जिंकलं होतं. त्या सम्राटाचा भाऊ थॉमस पुढे रोमला पोपच्या आश्रयाला गेला. 471 वर्षांनी पाळी जिंकणाऱ्यांच्या वंशजांवर आली.

मजीद साहेबांना ओढ होती रंग-कुंचल्याची. चित्रं चांगली काढायचे. नोव्हेंबर 1922 मध्ये तुर्की संसदेने त्यांना खलीफा निवडलं, पण हाती सत्ता काहीच नव्हती. 3 मार्च 1924 ला खिलाफतच रद्द झाली. त्याच रात्री कुटुंबासह त्यांना मोटारीत बसवून शहराबाहेरच्या चाताल्जा स्टेशनला नेलं आणि तिथून आगगाडीने स्वित्झर्लंडला पाठवलं. पुढे ते फ्रान्समध्ये नीसला राहिले.

खर्चाला पैसा नव्हता. हैदराबादच्या निजामांनी महिना 300 पौंड सुरू केले. मराठवाडा तेव्हा निजामाचा, म्हणजे औरंगाबाद-बीडच्या शेतकऱ्याचा सारासुद्धा त्याच खजिन्यात जायचा. ही गोष्ट कुणी सांगत नाही. 1931 साली त्यांची मुलगी दुर्रुशेहवार निजामांच्या थोरल्या शहजाद्याला दिली. निकाह नीसलाच झाला.

आपल्या शेजारचं उल्हासनगर सिंधहून आलेल्या निर्वासितांनी लष्करी बराकींत वसवलं. हाल झाले, पण सोबतीला आपली माणसं होती, आपली भाषा होती. खलीफांकडे बंगला होता, मोहल्ला नव्हता.

23 ऑगस्ट 1944 ला पॅरिसमध्ये त्यांचा इंतकाल झाला. शहर जर्मनांच्या हातून सुटत होतं, त्याच धामधुमीत. तुर्की सरकारने वतनात दफनाला परवानगी दिली नाही. मुलीने विनंत्या केल्या, उपयोग झाला नाही. मय्यत जवळजवळ दहा वर्षं पॅरिसच्या मशिदीत राहिली.

इकडे खुलताबादला निजामांनी त्यांच्यासाठी मकबरा बांधून घेतला होता. पण 1954 मध्ये त्यांना मदिनेत, जन्नतुल बकीत माती मिळाली. खुलताबादचा मकबरा रिकामाच राहिला.