फेलिक्स फेनेओं : एक अनामिक संग्राहक

तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाला फेलिक्स फेनेओं भेटतात ते बहुधा रँबोच्या संदर्भात. १८८६ मध्ये रँबोच्या ‘इल्युमिनेशन्स’चे हस्तलिखित ‘ला व्होग’ या नियतकालिकासाठी त्यांनीच लावून दिले. त्याच वर्षी दृक्प्रत्ययवादी चित्रकारांवरील त्यांची लहानशी पुस्तिका निघाली. हयातीत स्वतःच्या नावाने त्यांनी प्रसिद्ध केलेले पुस्तक एवढेच. १९०६ मध्ये ‘ल मातँ’ या दैनिकात त्यांनी लिहिलेल्या तीन-तीन ओळींच्या हजारावर बातम्यांखाली त्यांचे नाव नव्हते.

जन्म १८६१ चा, तुरिन येथला. पॅरिसच्या युद्धमंत्रालयातील कारकुनी आणि अराज्यवाद्यांशी मैत्री त्यांनी एकाच वेळी सांभाळली. १८९४ मध्ये कचेरीतील त्यांच्या खोलीत डिटोनेटर सापडले. खटल्यातून ते निर्दोष सुटले. नोकरी मात्र गेली.

पुढे बेर्नहाइम-झ्यून या चित्रदालनात काम करीत असता त्यांनी आफ्रिका व ओशियानिया येथील मूर्ती-मुखवट्यांचा मोठा संग्रह जमविला. वस्तुसंग्रहालये अशा कृती मानववंशशास्त्राच्या कपाटांत ठेवीत. फेनेओंनी त्या सरा व सिन्याक यांच्या चित्रांच्या सहवासात ठेवल्या. १९२० मध्ये त्यांनी आपल्या पत्रिकेतून वीस जाणकारांना विचारले : दूरदेशींच्या या कलांना लूव्र संग्रहालयात प्रवेश मिळावा काय? अनुकूल उत्तरांबरोबर ठाम नकारही आले, आणि त्यांनी दोन्ही छापले.

संपादक म्हणून हे त्यांच्या स्वभावाला धरूनच होते. तथापि एक गोष्ट खटकते. फेनेओंची अनामिकता त्यांनी स्वतः पत्करलेली होती. गॅबन किंवा आयव्हरी कोस्टच्या मूर्तिकारांची तशी नव्हती. त्यांना त्यांच्या गावात लोक नावाने ओळखत असणार. मूर्ती वसाहतींतून पॅरिसच्या बाजारात आल्या, आणि नावे मागेच राहिली. राज्यसत्तेचा हा कडवा विरोधक ज्या वाटेने आलेल्या वस्तू जमवीत होता ती वाट त्याच सत्तेने उघडलेली होती. या विसंगतीची चर्चा त्यांच्या चरित्रात गौण मानू नये, असे मला वाटते.

१९४४ मध्ये फेनेओं निवर्तले. १९४७ मध्ये त्यांच्या आफ्रिकी व ओशियानी संग्रहाचा पॅरिसच्या ओतेल द्रुओ येथे लिलाव होऊन तो विखुरला. लूव्रमध्ये या कलांसाठी स्वतंत्र दालन उघडले ते २००० साली. आज लिलावात एखाद्या मूर्तीची पूर्वपीठिका देताना फेनेओंचे नाव अभिमानाने छापले जाते. मूर्तिकाराच्या जागी बहुधा जमातीचेच नाव असते.