राणी हिराई

चंद्रपूर शहराभोवती गोंड राजांनी बांधलेला दगडी परकोट आहे. त्याच्या दरवाजांवर हत्तीला नमविणाऱ्या सिंहाची आकृती कोरलेली दिसते. यांपैकी अंचलेश्वर दरवाजाजवळ, तटाच्या आत, गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यांत सर्वांत भव्य समाधी राजा बीरशहाची असून ती त्याची राणी हिराई हिने बांधविली.

बीरशहाला पुत्र नव्हता, म्हणून त्याने दुसरा विवाह करण्याचे ठरविले. त्याच विवाहाच्या दिवशी हिरामण नावाच्या रजपुताने त्याचा वध केला, अशी परंपरागत हकीकत आहे. हे साल १७०४ होते. सवतीच्या आगमनाचे दुःख आणि त्यावर वैधव्याचा आघात! पण शोक करीत बसण्यास तिला सवड नव्हती. गादी रिकामी होती. हिराईने चंदनखेड्याच्या घराण्यातील रामशहा या बालकास दत्तक घेतले आणि त्याच्या नावाने स्वतः राज्यकारभार हाती घेतला. १७०७ मध्ये औरंगजेब मरण पावला व चहूकडे धामधूम माजली. अशा काळात १७१९ पर्यंत तिने चांद्याचे राज्य सांभाळले.

मग तिने ही समाधी का बांधविली असेल? जो पती दुसरी राणी आणावयास निघाला होता, त्याच्यासाठी एवढी मोठी वास्तू! तिच्या मनातील गोष्ट तिने कोठे लिहून ठेवलेली नाही. आपल्यापुढे आहेत ते केवळ दगड. चौकोनी, भक्कम बांधणी, रुंद कमानी आणि माथ्यावर घुमट. चंद्रपूरचा उन्हाळा किती कडक असतो हे तुम्ही ऐकलेच असेल. पण घुमटाखाली गेले की डोळे निवतात. आग्र्याचा ताजमहाल बादशहाने आपल्या बेगमेसाठी बांधविला, हे सर्वांना ठाऊक असते. चांद्याच्या राणीने आपल्या राजासाठी बांधविलेली ही वास्तू मात्र फार थोड्यांना माहीत आहे, याची मला नेहमी खंत वाटते.

शेजारीच अंचलेश्वराचे मंदिर आहे. त्याच्या बाहेरील भिंतींवर लहान लहान शिल्पपट्ट इतके दाटीने बसविले आहेत की बोटभरही जागा रिकामी सोडावी असे कारागिरांना वाटले नसावे. समाधीच्या साध्या भिंतींपुढे हा थाट अधिकच उठून दिसतो.

दरवाजातून बाहेर पडले की झरपट नदी लागते. तिच्या काठी महाकालीचे मंदिर आहे. तेथे पूर्वी लहानसे देवालय होते. त्या जागी मोठे मंदिर हिराईने उभारले, असे सांगतात. मंदिरात देवीची एक मूर्ती उभी आहे, तर दुसरी आडवी. या दुसऱ्या मूर्तीपाशी जाण्यास भुयारासारख्या अरुंद वाटेने खाली उतरावे लागते, आणि मोठ्यांतला मोठा मनुष्यही तेथे मान लववूनच जातो.

१७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांनी चांद्याचे राज्य घेतले व गोंडांची सत्ता संपली. चैत्रातील यात्रा मात्र चालूच राहिली. आजही मराठवाड्यातून हजारो यात्रेकरू येतात, झरपटेत स्नान करतात आणि ओल्या वस्त्रांनी राणीच्या मंदिराच्या पायऱ्या चढतात.