अश्रूंना आलेले फळ : संत मोनिका

जप, दान आणि व्रत यांचे माहात्म्य सर्वांना ठाऊक आहे. परंतु वाट पाहणे हेही एक खडतर तप आहे, हे थोड्यांच्याच ध्यानी येते. नाताळापूर्वीचे चार रविवार ख्रिस्ती समाज आगमनकाळ म्हणून प्रतीक्षेतच घालवतो. त्या समाजात हे तप जिने आयुष्यभर आचरले, ती माता म्हणजे संत मोनिका.

इसवी सन ३३१ च्या सुमारास उत्तर आफ्रिकेत, आजच्या अल्जीरियाच्या प्रदेशात, तिचा जन्म झाला. थागास्ते गावी तिचा संसार होता. पती पॅट्रिशियस ख्रिस्ती नव्हता. मनाने उदार, पण स्वभावाने अत्यंत तापट. त्याचा राग ओसरल्यावरच ती आपली बाजू मांडी. दासींच्या चहाड्यांनी रुष्ट झालेली सासूही कालांतराने तिच्यावर प्रसन्न झाली. अखेरच्या दिवसांत पतीनेही तिचा धर्म स्वीकारला.

खरी कसोटी पाहिली ती पुत्राने. ३५४ साली जन्मलेला ऑगस्टीन अलौकिक बुद्धीचा. पण कार्थेज नगरीत शिकत असता तो मानीच्या पंथात शिरला आणि सुमारे नऊ वर्षे तेथेच रमला. माउली एवढी संतापली, की काही काळ तिने त्याला आपल्या पंक्तीला बसू दिले नाही. धैर्य तिलाही शिकावेच लागले! पुढे तिला स्वप्न पडले. एका तेजस्वी युवकाने तिला आश्वासन दिले, की जेथे ती उभी आहे तेथेच तिचा पुत्रही येईल. तिने मुलाला पुन्हा घरात घेतले. पुत्राची समजूत घालावी म्हणून तिने एका बिशपांना विनवले. त्यांनी वाद घालण्याचे नाकारले. मात्र इतक्या अश्रूंचा पुत्र वाया जाणार नाही, असा दिलासा दिला.

३८३ साली ऑगस्टीन रोमला निघाला. त्याने जाऊ नये म्हणून माता व्याकुळ झाली. त्याने तिला फसवले. ती रात्रभर संत सिप्रियनच्या स्मृतिमंदिरात प्रार्थना करीत राहिली आणि इकडे जहाज निघून गेले. सकाळी किनारा रिकामा! ईश्वराने तिची त्या रात्रीची प्रार्थना नाकारली. पण त्या नकारातूनच जन्मभराच्या प्रार्थनेची वाट निघाली. कारण इटलीतील मिलान येथेच ऑगस्टीनला बिशप अँब्रोझ यांची प्रवचने ऐकावयास मिळाली.

माताही समुद्र ओलांडून मागोमाग गेली. वादळात घाबरलेल्या खलाशांना तिनेच धीर दिला. ३८६ साली मिलानमधील एका बागेत ऑगस्टीनचे अंतःकरण पालटले. ते वृत्त त्याने लगोलग आईला सांगितले. तिच्या आनंदाला पारावार उरला नाही. ३८७ च्या ईस्टरच्या रात्री अँब्रोझ यांनी त्याला बाप्तिस्मा दिला.

त्याच वर्षी स्वदेशी परतताना मायलेक ओस्टिया बंदरी थांबले. बागेकडील खिडकीशी बसून दोघे शाश्वत जीवनाविषयी बोलत राहिले. मागण्यासारखे तिच्यापाशी आता काही उरले नव्हते. थोड्याच दिवसांत तिला ज्वर आला आणि नवव्या दिवशी, वयाच्या ५६ व्या वर्षी, तिने देह ठेवला. पतीशेजारी विसावण्याची तिची जुनी इच्छा होती. तीही तिने सोडली. देह कोठेही ठेवा, वेदीपाशी माझे स्मरण करा, एवढेच तिने सांगितले.

वाट पाहण्याने केवळ पुत्र पालटला नाही, माताही पालटली. हट्ट गळला, श्रद्धा राहिली. आज रोमन कॅथलिक पंचांगात २७ ऑगस्टला मातेचा स्मृतिदिन येतो आणि २८ ला पुत्राचा. अजूनही आई एक दिवस आधी येऊन लेकाची वाट पाहते!