कलामहर्षी बाबूराव पेंटर

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म कोल्हापुरात १८९० साली झाला. वडील अनेक हस्तकलांत निष्णात होते. बाबूरावांचे शालेय शिक्षण बेताचेच झाले. हाताचे कसब मात्र त्यांना घरीच लाभले. नात्याने बंधू असलेल्या आनंदरावांसह ते नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवू लागले. त्या पडद्यांची कीर्ती एवढी पसरली की, मेस्त्री हे आडनाव मागे पडून लोक उभयतांस 'पेंटर' म्हणू लागले.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला आणि या दोघांस चित्रपटाचा ध्यास लागला. परंतु कॅमेरा विलायतेहून आणावा लागे. तो विकत घेण्याची ऐपत नव्हती. तेव्हा तो आपणच घडवावा, असे त्यांनी ठरविले. काम सोपे नव्हते. भिंगामागे फीत क्षणभर स्थिर राहिली पाहिजे, लगेच पुढे सरकली पाहिजे आणि ती सरकत असता उजेड अडला पाहिजे; हे सारे एका सेकंदात पंधरा-सोळा वेळा! दाते थोडे चुकले तरी चित्र थरथरते. हा खटाटोप अपुरा असतानाच १९१६ साली आनंदराव निवर्तले. जोडीदार गेला, तरी बाबूरावांनी काम सोडले नाही. विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ साली त्यांनी कॅमेरा पुरा केला. पुढे त्यांचा 'सैरंध्री' हा चित्रपट १९२० साली पुण्यात झळकला.

आता निराळीच अडचण होती. रंगांत रमलेल्या हाताला येथे रंगच नव्हते! त्या काळच्या फितीवर लाल वस्त्र काळे उमटे, निळे आकाश पांढरे पडे. बाबूराव पात्रांचे पोशाख व दृश्ये आधी कागदावर रेखाटीत आणि छायाप्रकाशाचा मेळ साधीत. 'सिंहगड' या १९२३ सालच्या चित्रपटात त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. 'सावकारी पाश' या १९२५ सालच्या चित्रपटात कर्जाने नाडलेल्या शेतकऱ्याची करुण कथा आली. त्यात शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली. देवादिकांच्या कथांना सरावलेल्या पडद्यावर शेतकऱ्याची झोपडी आणणे, हे माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे धाडस होय.

१९५४ साली कोल्हापुरातच त्यांचे देहावसान झाले. ज्या 'सैरंध्री'साठी त्यांनी इतकी वर्षे वेचली, तिची फीत आज उपलब्ध नाही.