भास्कराचार्य आणि गोलाचे पृष्ठफळ

वर्ध्याहून मुंबईकडे जाणारी आगगाडी भुसावळ सोडून पुढे गेली म्हणजे चाळीसगावचे स्टेशन लागते. त्या तालुक्यात डोंगराच्या पायथ्याशी पाटण नावाचे स्थान आहे. तेथील देवीच्या देवालयातील एका शिलालेखात एका विद्वान घराण्याची वंशावळ कोरलेली आहे. त्या घराण्याचे भूषण म्हणजे ‘लीलावती’ ह्या ग्रंथाचे कर्ते भास्कराचार्य होत.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ मध्ये झाला. सह्याद्रीच्या प्रदेशातील विज्जडविड हे त्यांचे गाव. वडील महेश्वर हे स्वतः ज्योतिषी असून तेच मुलाचे गुरू होते. वयाच्या ३६ व्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ पूर्ण केला. त्यातील ‘गोलाध्याय’ ह्या भागात एक प्रसंग असा आहे की, तो प्रत्येक विद्यार्थ्याने मनन करण्याजोगा आहे.

भास्कराचार्यांच्या पूर्वी कित्येक शतके लल्लाचार्य नावाचे थोर ज्योतिषी होऊन गेले. त्यांच्या ग्रंथावर भास्कराचार्यांनी टीकाही लिहिली. म्हणजे लल्लाचार्य त्यांना गुरुस्थानीच होते. परंतु गोलाच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ काढण्याची लल्लाचार्यांची रीत चुकीची होती. मध्यवर्तुळाच्या क्षेत्रफळास परिघाने गुणावे, असे ते सांगत.

भास्कराचार्यांनी ही रीत कापडाने तपासून पाहण्याची युक्ति सुचविली. आपण ७ इंच व्यासाचा चेंडू घेऊ. त्याचा परिघ सुमारे २२ इंच. परिघाच्या निम्मा, म्हणजे ११ इंच, व्यास असलेले वाटोळे कापड कापून चेंडूवर टोपीसारखे घातले, तर अर्धा चेंडू झाकून कडेला चुण्या पडतात. म्हणजे थोडे कापड उरतेच. ह्या कापडाचे क्षेत्रफळ सुमारे ९५ चौरस इंच. उलट लल्लाचार्यांच्या रीतीने अर्ध्या चेंडूचे पृष्ठफळ ४२३ चौरस इंचांहून अधिक येते! जे कापड पुरून उरले, त्याच्या चौपटीहून मोठे पृष्ठ त्याखाली कसे मावेल?

चूक दाखविणे सोपे, खरे उत्तर देणे कठीण. भास्कराचार्यांनी तेही दिले. आवळ्यावर वरपासून खालपर्यंत जशा उभ्या रेषा असतात, तशा रेषांनी त्यांनी गोलाच्या पृष्ठाचे भाग कल्पिले. मधोमध रुंद व दोन्ही टोकांस निमुळत्या अशा एका फाकेचे त्यांनी आडवे लहान लहान तुकडे पाडले आणि ज्यांच्या कोष्टकावरून सर्वांची बेरीज केली. तेव्हा असे दिसले की, मध्यभागी एक माप रुंद असलेल्या फाकेचे क्षेत्रफळ गोलाच्या व्यासाइतके भरते. आपल्या चेंडूवर एक इंच रुंदीच्या अशा २२ फाका पडतील; प्रत्येक फाक ७ चौरस इंच; म्हणून संपूर्ण पृष्ठफळ १५४ चौरस इंच. परिघास व्यासाने गुणले की झाले! एका भागाचे माप खरे साधले, म्हणून संपूर्ण गोल हाती आला.

हाच नियम ग्रीस देशातील विद्या आत्मसात केलेल्या आर्किमिडीज ह्या सिराक्यूजच्या पंडिताने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात वेगळ्या मार्गाने सिद्ध केला होता. गोलाचा आडवा पट्टा घेतला, तर मोठ्या परिघास पट्ट्याच्या उंचीने गुणावे, हेही त्यातूनच निघते. आपल्या चेंडूचा एक इंच उंचीचा पट्टा मधून कापा वा माथ्यावरून कापा, त्याचे पृष्ठफळ २२ चौरस इंचच भरेल.

भास्कराचार्यांनी वयाच्या ६९ व्या वर्षी, इ. स. ११८३ मध्ये, ‘करणकुतूहल’ हा ग्रंथ रचला. त्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी पाटण येथे मठ स्थापिला. इ. स. १२०७ मधील तो शिलालेख त्याचीच साक्ष देतो.

बालमित्रांनो, ज्यांच्या ग्रंथावर आदराने टीका लिहिली, त्यांचीच चूक भास्कराचार्यांनी निर्भयपणे दाखविली. परंतु केवळ दोष देऊन ते थांबले नाहीत. वडिलांविषयी आदर आणि सत्याविषयी निष्ठा ही दोन्ही एकाच अंतःकरणात नांदू शकतात, हेच त्यांच्या चरित्राचे सार होय.